धावण्यासाठी घड्याळ कसे निवडावे? गरज आधी, मॉडेल नंतर

धागा सुरू करणारी : लांबपल्ला

धावायला लागलेल्या ओळखीच्या मंडळींकडून मला वारंवार एकच प्रश्न येतो, तो म्हणजे "कोणते घड्याळ घेऊ?" मी त्यावर उलट विचारते, "धावता धावता घड्याळाकडे पाहून तुम्ही नेमके काय ठरवणार आहात?" बहुतेकांना याचे उत्तर लगेच देता येत नाही. माझ्या मते निवडीचे सगळे मर्म या प्रश्नातच आहे, म्हणून हा धागा काढला आहे.

माझे पहिले घड्याळ मी वैशिष्ट्यांची यादी पाहून घेतले. झोप, ताण, श्वास, गाणी, संदेश, असे सर्व काही त्यात होते. मात्र लॅप घ्यायला, म्हणजे धावेच्या एका तुकड्याची वेळ वेगळी नोंदवायला, बटण नव्हते, पडद्यावर बोट टेकवावे लागे. भर पावसात चारशे मीटरच्या वेगवान फेऱ्या मारताना ओल्या बोटाला तो पडदा दाद देईना आणि बारापैकी पाच फेऱ्यांची वेळ नोंदलीच गेली नाही. दोष घड्याळात नव्हता. माझ्या आठवड्यात असा सराव दोनदा असतो, हे लक्षात न घेता मी ते विकत घेतले होते. तेव्हापासून मी बटणांविषयी आग्रही आहे. घामाने निथळणारा हात, हातमोजे आणि पाऊस या तिन्ही प्रसंगी दाबल्याची खात्री बोटाला देणारे बटणच उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट पेसची, म्हणजे एक किलोमीटरला किती वेळ लागतो त्याची. ताशी दहा किलोमीटर, म्हणजे सहा मिनिटांना एक किलोमीटर या गतीने धावणारा माणूस एका सेकंदात सुमारे २.८ मीटर पुढे जातो. उपग्रहांवरून काढलेल्या स्थानात मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटरांची चूक राहू शकते. म्हणजे सेकंदासेकंदाला पेस काढायचा, तर चूक आणि कापलेले अंतर जवळपास सारखेच भरेल. म्हणून घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा स्थिर करते आणि त्यामुळे तो आकडा आपल्या पायांच्या थोडा मागे राहतो. चढ लागला, आपण मंदावलो, तरी घड्याळ अजून जुनाच पेस दाखवत असते. तात्कालिक पेसच्या मागे लागून कधी जोर लावणारे, कधी थांबल्यासारखे होणारे अनेक धावपटू मी पाहिले आहेत. चालू लॅपचा सरासरी पेस हा त्यापेक्षा कितीतरी विश्वासू आकडा आहे. तेव्हा पहिली कसोटी अशी : चालू लॅपचा पेस, लॅपचे अंतर आणि एकूण वेळ हे तीन आकडे एकाच पडद्यावर, हलत्या हातावर, क्षणभराच्या नजरेत वाचता येतील इतके मोठे दिसतात का? दिसत असतील, तर रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेकांचे मोठे काम झाले.

उपग्रहांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण जाहिरातींत यावरच भर असतो. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या चार जागतिक प्रणाली आहेत आणि आजची बरीचशी घड्याळे एकाहून अधिक प्रणालींचे संकेत घेतात. उंच इमारतींच्या मधून धावताना खरी अडचण वेगळीच असते. संकेत थेट न येता भिंतीवर आपटून येतो, त्याला पोहोचायला किंचित जास्त वेळ लागतो आणि घड्याळाला वाटते की आपण रस्त्याच्या पलीकडे आहोत. यावर उपाय म्हणून दोन वारंवारितांवर ऐकणारी घड्याळे आली. जुना एल-१ संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, तर नवा एल-५ संकेत ११७६.४५ मेगाहर्ट्झवर असतो. एल-५ ची रचना अशी आहे की थेट आलेला आणि परावर्तित होऊन आलेला संकेत वेगळा ओळखणे सोपे जाते. उंच इमारतींत, दाट झाडीत किंवा अरुंद दरीत नेहमी धावणाऱ्याने ही सोय जरूर घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर किंवा मैदानावर धावणाऱ्याला तिचा फरक क्वचितच जाणवेल, आणि तिच्यामुळे बॅटरी मात्र लवकर उतरते.

बॅटरीचा आकडा वाचताना तो कोणत्या अवस्थेतला आहे हे पाहावे. "चौदा दिवस" हा आकडा घड्याळ नुसते हातावर असतानाचा असतो; आपल्याला हवेत ते उपग्रह चालू असतानाचे तास. एकाच कंपनीच्या दोन शेजारच्या मॉडेलांत किती फरक असतो पाहा : गार्मिन फोररनर २५५ हे २०२२ चे घड्याळ केवळ जीपीएसवर ३० तासांपर्यंत चालते असे कंपनी सांगते, तर २०२३ च्या फोररनर २६५ ला हाच आकडा २० तास आहे. दुसऱ्याचा अमोलेड (स्वतः उजळणारा) पडदा झगझगीत आहे आणि त्यालाच जास्त वीज लागते. पहिल्याचा पडदा खोलीत मंद दिसतो, पण रणरणत्या उन्हात तो अधिकच स्पष्ट होतो. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्याला दोन्ही पुरेशी आहेत; डोंगरात दिवसरात्र धावणाऱ्याला नाहीत. बॅटरी वर्षागणिक क्षीण होते, म्हणून आपल्या सर्वांत लांब धावेच्या किमान दुप्पट तास नव्या घड्याळात असावेत, असे मी मानते.

आपापले अनुभव जरूर लिहावेत.

प्रतिसाद : नवखी

अतिशय उपयुक्त धागा, वाचनखूण साठवली आहे. मला धावायला लागून नऊ महिने झाले. आठवड्यातून चार वेळा पाच ते दहा किलोमीटर धावते आणि पुढच्या वर्षी अर्धमॅरेथॉनचा विचार आहे. सध्या दंडाला फोन बांधून धावते. मला खरोखर घड्याळाची गरज आहे का, आणि असेल तर हृदयगती मोजणारे घ्यावे का, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद : मंदगती

माझे मत थोडे वेगळे आहे. मी बरीच वर्षे साध्या स्टॉपवॉचवर धावलो. मैदानाची एक फेरी चारशे मीटरची आहे हे ठाऊक असले की उपग्रहांची गरज उरत नाही. श्वासाची लय, बोलता येते की नाही आणि दुसऱ्या दिवशी पाय कसे वाटतात, हे तीन निकष मला कोणत्याही आकड्यापेक्षा जवळचे वाटतात. नवख्यांनी पहिले वर्ष साध्या घड्याळावर काढावे आणि आपले शरीर वाचायला शिकावे, असे मला मनापासून वाटते.

लांबपल्ला

मंदगती, तुमच्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे आणि ज्यांचा मार्ग ठरलेला व मोजलेला आहे त्यांना स्टॉपवॉच पुरते, हे मी मान्य करते. परंतु नवख्या धावपटूची सर्वांत मोठी चूक म्हणजे हलक्या धावेच्या दिवशी नकळत वेगात धावणे. अशा वेळी "आता हळू" असे सांगणारे काहीतरी हातावर असले, तर दुखापती टळू शकतात. शरीर वाचायला शिकण्याचे काम घड्याळामुळे थांबत नाही. धाव संपल्यावर आधी मनाशी पेसचा अंदाज बांधावा आणि मगच घड्याळ पाहावे. काही आठवड्यांत अंदाज जुळू लागतो.

नवखी, फोनच्या अंतरात फारशी खोट नसते. अडचण अशी की तो पाहण्यासाठी थांबावे लागते. तुम्ही धावताना पेस पाहून काही बदल करणार असाल, तर घड्याळ घ्या. केवळ नोंद ठेवायची असेल, तर फोन पुरेसा आहे. हृदयगतीबद्दल अधिक जाणणाऱ्यांनी लिहावे.

प्रतिसाद : ठोका

हृदयगतीवर मी लिहितो, कारण या बाबतीत गैरसमज पुष्कळ आहेत.

मनगटावरचा सेन्सर हृदयाचे ठोके थेट मोजत नाही. तो त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी रक्त वाढले की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि त्या चढउतारावरून गती काढली जाते. पट्टा सैल असला, थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या किंवा सेन्सरखाली गडद गोंदण असले, तर वाचन बिघडते. सर्वांत फसवी चूक मात्र वेगळी आहे. धावताना आपली पावले मिनिटाला १६० ते १८० च्या आसपास पडतात आणि हातही त्याच लयीत हलतो. कधी कधी सेन्सर ठोक्यांऐवजी ही लयच पकडतो. अगदी सावकाश धावत असताना घड्याळ १७२ दाखवू लागले आणि तेथेच चिकटून बसले, तर घाबरण्यापूर्वी पावले मोजून पाहावीत.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून वेगवान फेऱ्यांतही तो मागे पडत नाही. बिनतारी पट्टा काही नवा शोध नाही; फिनलंडच्या पोलार कंपनीने तो १९८२ मध्येच मनगटी घड्याळासह आणला होता. ज्यांचा सगळा सराव हृदयगतीच्या टप्प्यांवर (सावकाश ते कमाल जोर अशा पाच पायऱ्यांवर) आखलेला आहे, त्यांनी महाग घड्याळापेक्षा साधे घड्याळ आणि सोबत छातीचा पट्टा घ्यावा. ते घड्याळ बाहेरचा पट्टा जोडू देते की नाही, हे मात्र आधी तपासावे.

आणखी एक विनंती. कमाल हृदयगतीसाठी घड्याळ सुरुवातीला बहुधा "२२० वजा वय" असे काहीतरी सूत्र धरते. सूत्रावरून मिळणारी गती ही त्या वयाच्या माणसांची सरासरी आहे आणि व्यक्तिशः दहा-बारा ठोक्यांचा फरक दोन्ही बाजूंना अगदी सर्वसाधारण आहे. चाळीस वर्षांच्या माणसाला सूत्र १८० सांगेल, प्रत्यक्षात ती १६८ किंवा १९२ असू शकते. आधारच चुकला तर त्यावर उभे केलेले पाचही टप्पे चुकतात. म्हणून हे टप्पे स्वतः बदलता येण्याची सोय असलेले घड्याळ घ्यावे. आणि छातीत दुखणे, भोवळ किंवा अकारण धाप लागत असेल, तर घड्याळ काय दाखवते याची वाट न पाहता धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे.

प्रतिसाद : शेवटचा टप्पा

मला एक प्रश्न बरेच दिवस सतावत आहे. माझ्या मागच्या मॅरेथॉनमध्ये घड्याळाने ४२.६ किलोमीटर दाखवले. मी चार तासांच्या आत यायचे ठरवले होते, घड्याळावरचा पेस शेवटपर्यंत बरोबर ठेवला, तरी दोन मिनिटांनी चुकलो. मार्ग लांब आखला होता की माझे घड्याळ खराब आहे? नवे घ्यावे का?

लांबपल्ला

बहुधा दोन्हीही नाही, आणि यासाठी नवे घड्याळ घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. प्रमाणित मार्ग उपग्रहांनी मोजत नाहीत. सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र बसवतात, ती सायकल आधी पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर पारखून घेतात आणि मग धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत आखूड रेषेने, वळणांच्या आतल्या कडेने ती चालवतात. मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणांच्या बाहेरून धावतो. त्यात उपग्रहांच्या चुकीची भर पडते. त्यामुळे घड्याळावर तीनचारशे मीटर जास्त दिसणे नेहमीचेच आहे.

आता तुमचा हिशेब करून पाहू. चार तासांत ४२.१९५ किलोमीटर म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद. घड्याळाच्या मते तुम्ही हा पेस अचूक राखलात, पण त्याच्या मोजणीने ४२.६ किलोमीटर. जादाचे चारशे मीटर त्याच पेसने धावायला सव्वादोन मिनिटे लागतात. तुमची दोन मिनिटे तेथे गेली.

उपाय निवडीशीच निगडित आहे. शर्यतीच्या दिवशी आपोआप पडणारा लॅप बंद करून, रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबून लॅप घ्यावा. मग फलकावरचे अंतर खरे आणि घड्याळावरची वेळ खरी, असा मेळ बसतो. हे करण्यासाठी न पाहता हाताला सापडणारे लॅपचे बटण लागते, आणि ते साध्यातल्या साध्या धावण्याच्या घड्याळातही मिळते.

प्रतिसाद : पायवाट

डोंगरवाटांवर धावणाऱ्यांच्या गरजा थोड्या वेगळ्या असल्याने लिहितो. आमच्या वाटेवर पेसला फारसा अर्थ नसतो. किती चढलो आणि किती उरले, हे महत्त्वाचे. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा नेहमीच कमी अचूक असते, म्हणून हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेले घड्याळ घ्यावे. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो, एवढा सूक्ष्म फरक हा सेन्सर टिपतो. हवामान पालटले की दाबही पालटतो, त्यामुळे उंची ठाऊक असलेल्या जागी तो पुन्हा जुळवून घ्यावा. घाम आणि मातीने सेन्सरची छिद्रे बुजतात; घरी आल्यावर साध्या पाण्याने धुणे आवश्यक आहे.

नकाशाबाबत दोन प्रकार आहेत. काही घड्याळे कोऱ्या पडद्यावर फक्त आपल्या मार्गाची रेघ दाखवतात, काहींत पूर्ण नकाशा असतो. ओळखीच्या वाटांना रेघ पुरते. धुक्यात, अनोळखी फाट्यावर मी एकदा चुकीच्या सोंडेवर उतरू लागलो होतो. रेघेपासून दूर गेल्याचे घड्याळाने थरथरून सांगितले, पण परतीची दुसरी वाट आहे का हे नकाशा नसल्याने कळले नाही आणि सगळा चढ पुन्हा चढावा लागला. एकट्याने लांब जाणाऱ्यांनी नकाशा असलेलेच घ्यावे. आणि फोन तरीही सोबत ठेवावा, कारण घड्याळ हे संकटातले एकमेव साधन असू नये.

प्रतिसाद : हलके पाऊल

आकाराबद्दल कोणी लिहिलेले दिसले नाही. माझे मनगट बारीक आहे आणि मोठ्या तबकडीचे घड्याळ हाडावर आपटत राही. खाली फट पडून उजेड शिरत असे, त्यामुळे हृदयगतीही चुकत असे. आता कोरोस पेस ३ वापरते. नायलॉनच्या पट्ट्यासह त्याचे वजन ३० ग्रॅम आहे आणि हातावर आहे हे विसरायला होते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असे बांधावे. एकच मॉडेल दोन आकारांत मिळत असेल, तर दोन्ही हातात घालून, हात झुलवून पाहावे. मात्र लहान आकारात बॅटरीचे तास वेगळे असू शकतात, ते स्वतंत्रपणे वाचावे. पट्ट्याखाली साबण आणि घाम साचून पुरळ येते, म्हणून पट्टा रोज धुऊन कोरडा करावा.

प्रतिसाद : मंदगती

मैदानावर धावणाऱ्यांसाठी एक पुरवणी. लहान गोलाकार फेऱ्यांवर उपग्रहांची मोजणी विशेष चुकते, कारण वळणावर घड्याळ कोपरे कापते. काही घड्याळांत मैदानासाठी वेगळी अवस्था असते. मार्गिकेचा क्रमांक सांगितला की ते अंतर जुळवून घेते. ही सोय असेल तर उत्तम, पण चारशे मीटर ही फक्त सर्वांत आतल्या मार्गिकेची लांबी आहे आणि प्रत्येक बाहेरच्या मार्गिकेला सात मीटरांहून अधिक भर पडते, हे ध्यानात ठेवले की माझे स्टॉपवॉचही तितकेच खरे सांगते.

प्रतिसाद : नोंदवही

घड्याळ तीनचार वर्षांत बदलते, नोंदी मात्र आयुष्यभराच्या असतात. म्हणून खरेदीपूर्वी पाहावे की धावेची मूळ फाइल फिट किंवा जीपीएक्स स्वरूपात बाहेर काढता येते का. ती आली, तर उद्या दुसऱ्या कंपनीचे घड्याळ घेतले तरी जुना सराव हरवत नाही.

खासगीपणाचाही विचार करावा. २०१८ च्या जानेवारीत, धावा नोंदवण्याच्या स्ट्राव्हा या ॲपच्या जागतिक नकाशावर धावपटूंच्या एकत्रित वाटा उजळलेल्या दिसल्या आणि त्यातून लष्करी तळांच्या आतले रस्तेही ओळखता येतात हे उघड झाले. आपल्या बाबतीत धोका साधा आहे : रोजची धाव घराच्या दारातून सुरू होते आणि तेथेच संपते. सुरुवातीचा व शेवटचा भाग लपवण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करावी, विशेषतः एकटीने पहाटे धावणाऱ्या भगिनींनी.

प्रतिसाद : ठोका

थोडे राहिले होते. ऑक्सिजन ग्रहणक्षमता, सावरायला लागणारे तास, सरावाची तयारी हे सगळे आकडे पेस आणि हृदयगती यांवरून काढलेले अंदाज असतात. मूळ हृदयगती चुकली की हेही चुकतात. महिन्यामहिन्याचा कल पाहण्यापुरते ते ठीक आहेत. एखाद्या सकाळी घड्याळ "विश्रांती घ्या" म्हणाले, म्हणून ताजेतवाने वाटत असताना धाव रद्द करू नये, आणि "तयार आहात" म्हणाले म्हणून दुखऱ्या पायाने निघू नये. अशा आकड्यांसाठी वरचे मॉडेल घेण्याआधी नीट विचार करावा.

प्रतिसाद : नवखी

सर्वांचे मनापासून आभार. लांबपल्ला यांचा प्रश्न मी कागदावर लिहून काढला. धावताना मी दोनच गोष्टी ठरवते : हलक्या दिवशी वेग आवरायचा आणि वेगाच्या दिवशी फेऱ्या मोजायच्या. माझा रस्ता मोकळा आहे, सर्वांत लांब धाव तीन तासांच्या आत राहील, डोंगर नाही, मनगट बारीक आहे. त्यामुळे दोन वारंवारिता, नकाशा आणि झगझगीत पडदा हे तिन्ही मी खोडले. बटणे, लॅपचा पेस, लहान आकार आणि बाहेरचा छातीचा पट्टा जोडण्याची सोय, एवढे उरले. आश्चर्य म्हणजे मी ज्याचा विचार करत होते त्याच्या दोन पायऱ्या खालचे मॉडेल या सगळ्यात बसते. छातीचा पट्टा आत्ताच घ्यावा की अर्धमॅरेथॉनचा सराव सुरू झाल्यावर?

लांबपल्ला

सराव सुरू झाल्यावर. आधी दोन महिने मनगटावरचे आकडे पाहा. हलक्या धावेत ते स्थिर आणि विश्वसनीय वाटले, तर कदाचित पट्ट्याची गरजच पडणार नाही. घड्याळ आल्यावर पहिल्या दिवशी फोनशी जोडून घ्या, म्हणजे उपग्रहांच्या स्थानांची ताजी माहिती त्यात उतरेल, आणि निघण्यापूर्वी मोकळ्या जागी उभे राहून संकेत पक्का होईपर्यंत थांबा. नको असलेले पडदे काढून टाका, लॅपचा पेस पहिल्या पडद्यावर ठेवा. मग पहिल्या आठवड्याच्या नोंदी येथे टाका, आपण मिळून पाहू.